टवका उडालेला दात आणि रात्रपाळी करणारा जबडा

पोळीचा घास चावताना दाताखाली कचकन काहीतरी येतं. पिठात खडा राहिला असेल म्हणून थुंकून पाहावं, तर निघतो कणीएवढा पांढरा तुकडा. जीभ लगेच शोधायला निघते आणि वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा तिला बोचतो. त्यावर गार पाण्याचा घोट घेतला की सणक थेट कपाळात. ‘मऊ पोळीनं दात कसा काय तुटला?’ हा प्रश्न डेंटिस्ट मंडळी वर्षानुवर्षं ऐकत आली आहेत. पोळी बिचारी निर्दोष असते. त्या कोपऱ्याला बारीक चिरा कधीच्या पडलेल्या असतात, त्याही बहुधा रात्री, झोपेत दात खाताना. पोळीच्या वाट्याला फक्त शेवटचा धक्का येतो.

आपण दात खातो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. करकर आवाज येत असेल तर शेजारी झोपणारं माणूस सकाळी तक्रार करतं, पण एकट्यानं झोपणाऱ्याला कोण सांगणार? शिवाय काही जण दात एकमेकांवर घासत नाहीत, नुसते करकचून दाबून धरतात आणि त्याचा आवाजही होत नाही. निरनिराळ्या पाहण्यांचा अंदाज असा की प्रौढांपैकी साधारण ८ ते १३ टक्के लोक झोपेत दात खातात. त्याच्या खुणा मात्र सापडतात. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानशिलं जड होतात आणि दिवस चढला की ते आपोआप कमी होतं. जिभेच्या कडेला दातांचे ठसे असतात, गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरी रेघ असते. सुळ्यांची टोकं जाऊन ते इतर दातांइतकेच आखूड दिसू लागतात.

आरशासमोर उभं राहून एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. दात टेकवून खालचा जबडा हळूहळू एका बाजूला सरकवा. एका ठिकाणी वरच्या दाताचा झिजलेला सपाट भाग खालच्या दाताच्या झिजलेल्या भागावर चपखल बसेल. जेवताना जबडा कधीच इतक्या कडेला जात नाही. म्हणजे तिथं तो दुसऱ्या कोणत्या तरी वेळी गेलेला आहे. ही झीज जुनीही असू शकते, परीक्षेच्या किंवा नोकरीच्या एखाद्या वाईट काळातली. त्यामुळे तेवढ्यावरून ‘आजही दात खातो’ असा निकाल देता येत नाही. सकाळचा आखडलेला जबडा आणि ताजा टवका दोन्ही असतील तर मात्र शंकेला फारशी जागा राहत नाही.

आता दुखतं कशामुळे, ते पाहू. दाताचं बाहेरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिजच. पण कठीण असलं तरी ते ठिसूळ असतं, आणि ते सहज मोडत नाही याचं श्रेय त्याच्याखालच्या डेंटिनला द्यायला हवं. डेंटिनमध्ये खनिज सुमारे ७० टक्के, बाकीचं कोलॅजन आणि पाणी. त्यामुळे ते दाबाखाली किंचित लवतं. लाकडी फळीवर काच चिकटवावी तशी ही रचना आहे. फळी थोडा दाब पोटात घेते म्हणून काच टिकते. पण तोच दाब रोज, तोही आडवा आणि कडेवर पडत राहिला तर काचेला तडे जाणारच. आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. हाड सांधतं, कातडी भरून येते. इनॅमल बनवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून डोकं वर काढतो तेव्हाच संपलेल्या असतात. फ्लोराइडमुळे मऊ पडलेला पृष्ठभाग काही अंशी पुन्हा घट्ट होतो, तुटलेला कोपरा उगवत नाही.

डेंटिन दिसायला घट्ट असलं तरी आतून सच्छिद्र आहे. त्यात आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. बाहेरच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २० हजार, आत नसेजवळ त्याच्या दुपटीहून जास्त. (नस म्हणजे दाताच्या पोटातला मऊ गर, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. दवाखान्यात सगळे त्याला नसच म्हणतात, म्हणून इथंही तेच.) या नळ्यांमध्ये द्रव भरलेला असतो. वर इनॅमलचं झाकण आहे तोवर तो शांत असतो. झाकण उडालं की गार पाण्यानं, वाऱ्यानं, अगदी जिलबीच्या पाकानंही तो सरकतो आणि नळीच्या आतल्या तोंडाशी असलेल्या तंतूला हिसका बसतो. स्वीडनचे दंतवैद्य मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी ही गोष्ट पक्की केली. थंडीत मोटारसायकलवर तोंड उघडलं तरी कळ का जाते, याचं उत्तर यात आहे. वारा नुसता लागत नाही, तो नळीतला ओलावा सुकवून द्रव बाहेर ओढतो.

दाताचं दुखणं किती खोल गेलंय ते बऱ्याच अंशी त्या दुखण्याच्या जातीवरून कळतं, आणि हे प्रत्येकानं नीट लक्षात ठेवावं. नसेत दोन तऱ्हेचे तंतू असतात. वेगानं निरोप नेणारे तंतू सणक देतात. ती तीक्ष्ण असते, नेमक्या दातात असते आणि घोट गिळला की चार-पाच सेकंदांत विरते. अशी सणक असेल तर नस बहुधा शाबूत आहे, फक्त उघड्या नळ्या बुजवायच्या आहेत. दुसरे तंतू सावकाश जागे होतात आणि ठणका देतात. पाणी गिळून मिनिट झालं तरी तो ओसरत नाही. गरम चहानं चढतो, रात्री आडवं झाल्यावर वाढतो, विनाकारणही सुरू होतो आणि नक्की कोणता दात ते बोट ठेवून सांगता येत नाही. ठणका लागला असेल तर नस सुजली आहे असं समजावं आणि पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट न घेता लगेच जावं. तिसरी जात जरा फसवी असते. गार-गरम काही लागत नाही, पण चावताना, विशेषतः चावलेला घास सोडताना, विजेसारखी कळ येते. हे दाढेला चीर गेल्याचं लक्षण असू शकतं. त्यातून गालाला सूज, ताप, तोंड उघडता न येणं यांपैकी काही असेल तर वाट पाहण्याची गोष्टच नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पहिल्या दिवशी घरी काय करावं? तुटलेला तुकडा चांगला मोठा असेल तर तो पाण्यात किंवा दुधात बुडवून बरोबर न्यावा. पुढच्या दाताचा तुकडा कधीकधी जागच्या जागी चिकटवता येतो आणि त्याच्याइतका रंगाला जुळणारा पदार्थ दुसरा नसतो. कोपरा जिभेला कापत असेल तर औषधाच्या दुकानात दातांच्या तारेसाठीचं मेण मिळतं, ते चिमूटभर त्यावर दाबावं. मेण नसलं तर बिनसाखरेचं च्युइंग गम. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, दुखलंच तर पॅरासिटामॉल. नखांच्या कानशीनं कोपरा घासून गुळगुळीत करण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो टाळावा. त्यानं उरलेलं इनॅमलही जातं.

लवंगेच्या तेलाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात असतं. त्यातलं युजेनॉल नस खरोखरच बधिर करतं, आजीचं काही चुकलेलं नाही. पण हिरडीवर जास्त लागलं तर ते भाजतं. आणि हेच युजेनॉल दातावर राहिलं तर पुढे भरायचं रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही. म्हणून लावलं असेल तर डेंटिस्टला आवर्जून सांगावं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशी दाबून ठेवण्याचा उपाय मात्र पूर्ण सोडून द्यावा. दुखणं तिथंच राहतं आणि हिरडीवर पांढरा जळका डाग उठतो.

दवाखान्यात काय होतं ते माहीत असलं की खुर्चीत बसताना छातीत धडधडत नाही. आधी डेंटिस्ट गार बोळा दाताला लावतात आणि कळ किती वेळ टिकते ते मोजतात. मघाशी सांगितलेलं सणक-ठणक्याचं गणित ते असं तपासतात. मग दातावर बोटानं किंवा आरशाच्या दांड्यानं हलकेच ठोकून बघतात. एक-एक टोक वेगवेगळं चावून बघण्यासाठी छोटी प्लॅस्टिकची ठोकळी देतात. बारीक प्रखर दिवा दाताला टेकवला की उजेड चिरेपाशी अडतो आणि पलीकडचा भाग काळसर दिसतो. एक्स-रे काढतात तो मुख्यतः मुळाची टोकं पाहायला. बारीक चीर त्यात बहुतेक वेळा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रेत काही आलं नाही’ यावर फार विसंबू नये. शेवटी निळा कागद दातांमध्ये धरून ‘चावा, आता बाजूला घासा’ असं सांगतात. निळे ठिपके पडतात त्यावरून भार कुठे येतो ते कळतं.

फक्त इनॅमलचा कण उडाला असेल तर कड घासून गुळगुळीत करणं आणि फ्लोराइडचा लेप देणं एवढ्यावर भागतं, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. पिवळसर डेंटिन उघडं पडलं असेल तर कोपरा कॉम्पोझिटनं, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिननं, बांधतात. मधोमध गुलाबी ठिपका दिसत असेल किंवा रक्त येत असेल तर नस उघडी झाली आहे. मग बहुधा रूट कॅनल. चिरलेल्या दाढेला कॅप घालून तिला चारी बाजूंनी आवळून धरावं लागतं, नाहीतर चीर मुळाकडे सरकते आणि मग ती दाढ वाचत नाही.

कॉम्पोझिटचा कोपरा चिकटतो कसा, हे पाहण्यासारखं आहे. पूर्वी भरलेली चांदी दातात नुसती अडकून बसायची. तिच्यासाठी आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरावा लागे, म्हणजे चांगला दातही गमवावा लागे. पुढच्या दाताच्या कडेला तर असा खड्डा करायला जागाच नसते. १९५५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल ब्युओनोकोर यांनी कारखान्यांतली एक युक्ती दातावर आणली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून तिथं पृष्ठभागावर फॉस्फोरिक आम्ल लावत. त्यांनी ते इनॅमलवर लावून पाहिलं आणि अ‍ॅक्रिलिक कितीतरी पक्कं धरलं. पुढे १९६२ साली राफाएल बोवेन यांच्या नावावर ज्या रेझिनचं पेटंट झालं, त्याच्याच घराण्यातले पदार्थ आजच्या कॉम्पोझिटमध्ये असतात.

प्रत्यक्षात काम असं चालतं. पहिल्यांदा रंग ठरवतात, तोही दात ओला असताना, कारण सुकलेला दात पांढरट दिसतो आणि त्याला जुळवलेला रंग दुसऱ्या दिवशी चुकलेला वाटतो. मग दात लाळेपासून वेगळा करतात. यासाठी रबराचा पातळ पडदा लावला तर उत्तम, कारण थेंबभर लाळ पुढची सगळी मेहनत वाया घालवते. कड किंचित तिरकी घासतात आणि ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक आम्लाचं जेल (बहुधा निळं) १५ ते ३० सेकंद लावून भरपूर पाण्यानं धुतात. इनॅमलवर आता डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे झालेले असतात आणि ते खडूसारखं मळकट पांढरं दिसतं. त्यावर पातळ बाँडिंगचा थर देतात, तो खाचांत शिरतो आणि निळ्या दिव्यानं घट्ट होतो. मग कॉम्पोझिट साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी रचतात, कारण निळा उजेड त्याहून खोल नीट पोहोचत नाही. शेवटचं काम आकार देण्याचं आणि पॉलिशचं. आणि पुन्हा तो निळा कागद. या शेवटच्या पायरीला रुग्णानं घाई करू नये. तोंड बधिर असताना ‘बरोबर वाटतंय’ म्हणून उठून यावं आणि रात्री जेवताना तो एकच दात आधी आपटतोय असं लक्षात यावं, हे फार वेळा होतं. तसं झालं तर ‘सवय होईल’ म्हणून बसू नये. परत जाऊन केसभर घासून घ्यावं, दोन मिनिटांचं काम असतं.

तुटलेला कोपरा नसेल पण कडा झिजून आणि हिरड्या खाली सरकून दात गारठत असतील, तर आधी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट. बाजारातल्या अशा पेस्ट दोन तऱ्हांनी काम करतात. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मज्जातंतूला शांत करते. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असलेली पेस्ट नळ्यांची तोंडं बुजवते. दोन्हींना दिवसातून दोनदा वापरून दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकून टाकावी, खळखळून चूळ भरू नये, म्हणजे औषध दातावर राहतं. रात्री झोपताना बोटानं थोडी पेस्ट दुखऱ्या जागी लावून ठेवली तरी चालते.

इथपर्यंतचं काम सोपं होतं, अवघड भाग पुढे आहे. बांधलेला कोपरा त्याच जबड्यात परत जातो, आणि कॉम्पोझिट इनॅमलपेक्षा कमकुवत आहे. जे बळ मूळ दाताला पेललं नाही ते याला कसं पेलणार? म्हणून दात खाण्याचा बंदोबस्त न करता दात भरून घेणाऱ्याला वर्षा-दोन वर्षांत पुन्हा खुर्चीत बसावं लागतं आणि दोष डेंटिस्टच्या ‘सिमेंट’ला लागतो.

ते बळ किती असतं? भातात खडा लागला की जबडा आपण ठरवण्याआधीच थांबतो. दातांच्या मुळांभोवतीचे संवेदक ‘पुरे’ म्हणून सांगतात. जागेपणी ही राखण असल्यानं आपण पूर्ण ताकद सहसा लावतच नाही. झोपेत हे भान सुटतं. जपानी संशोधकांनी झोपेतला चावा मोजला तेव्हा काही जणांत तो त्यांनी दिवसा मुद्दाम लावलेल्या जास्तीत जास्त जोरापेक्षाही अधिक भरला. १९८६ साली फ्लोरिडात नोंदलेला ४४२ किलोंचा चावा, आजवरचा सर्वांत जबर मानला जाणारा, दात खाणाऱ्या माणसाचाच होता. तुलनेला दिवसभराचा हिशेब पाहा: जेवण, गिळणं सगळं धरून वरचे-खालचे दात एकमेकांना २४ तासांत जेमतेम २० मिनिटं टेकायला हवेत.

झोपेत दात खाणं होतं कशामुळे, याबाबत दंतवैद्यकानं एकदा दिशाच बदलली आहे. मिशिगनचे सिगुर्ड राम्फ्यर्ड यांनी १९६१ साली मांडलं की दात नीट जुळत नाहीत, कुठेतरी अडतात, म्हणून माणूस ते घासतो. मग कितीतरी लोकांचे अडणारे दात घासून ‘बाइट’ जुळवून देण्यात आले. नंतरच्या संशोधनात हे टिकलं नाही. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूचे तरंग, नाडी आणि जबड्याचे स्नायू एकाच वेळी नोंदले तेव्हा वेगळाच क्रम दिसला. आधी झोप काही सेकंदांपुरती उथळ होते, हृदयाचे ठोके वाढतात, मग जबड्याचे स्नायू सेकंदाला एकदा या लयीत आवळू लागतात आणि शेवटी दात घासले जातात. म्हणजे हुकूम मेंदूकडून येतो. म्हणूनच आज कुणी दात खाणं थांबवण्यासाठी चांगले दात घासून बसवायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. घासलेलं इनॅमल परत आणता येत नाही.

झोपेत सुटणारा हुकूम थांबवणारं खात्रीचं औषध आज नाही. म्हणून पर्याय उरतो तो दात आणि दात यांच्यामध्ये काहीतरी ठेवण्याचा. नाइट गार्ड म्हणजे हेच. चांगला गार्ड कडक अ‍ॅक्रिलिकचा, बहुधा वरच्या दातांवर बसणारा आणि सगळे दात झाकणारा असतो. दातांचं माप किंवा स्कॅन घेऊन तो बनवतात आणि खालचे सगळे दात एकाच वेळी टेकतील असा घासून बसवतात. तो दात खाणं थांबवत नाही. दात खाल्ले तरी झीज अ‍ॅक्रिलिकची होते आणि भार एका कोपऱ्यावर न पडता पसरतो. गरम पाण्यात मऊ करून चावायचे स्वस्त गार्ड ऑनलाइन मिळतात. चार दिवसांच्या सोयीला ठीक, पण मऊ गार्ड काही लोक झोपेत चघळायला लागतात आणि सकाळी जबडा जास्तच दुखतो. फक्त पुढच्या दातांवर बसणारा छोटा गार्ड महिनोन्महिने स्वतःच्या मनानं वापरला तर मागच्या दाढा हळूहळू सरकू शकतात.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी तुटलेला कोपरा बांधून घ्यायचा, मग गार्डचं माप द्यायचं. उलट केलं तर नवा कोपरा गार्डमध्ये मावत नाही आणि पैसे पाण्यात जातात. पहिले काही दिवस लाळ सुटते, बोलताना बोबडं वाटतं, ते ओसरतं. गार्ड गार पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवावा. उकळतं पाणी लावलं की तो वाकतो. टिश्यूत गुंडाळून उशाशी ठेवू नये, सकाळी कामवाल्या मावशी तो कचरा समजून उचलतात. घरात कुत्रा असेल तर डबी झाकणाची आणि उंचावर. कुत्र्यांना लाळेच्या वासाचा गार्ड फार आवडतो.

पण गार्ड बनवायला टाकण्याआधी एक प्रश्न स्वतःला आणि घरच्यांना विचारायलाच हवा: घोरता का? झोपेत श्वास अडकतो का, दिवसा पेंग येते का? स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा विकार) आणि दात खाणं पुष्कळदा जोडीनं आढळतात, आणि वरच्या दातांचा साधा गार्ड लावल्यावर काही रुग्णांचा श्वास अडकणं वाढल्याचं दिसलं आहे. अशांनी आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. श्वासाचा इलाज झाला की काहींचं दात खाणंही कमी होतं.

दिवसाचं दात दाबणं हा निराळा प्रकार आहे आणि त्यावर आपला ताबा चालतो. लॅपटॉपसमोर, घाटात गाडी चालवताना, बारीक टाके घालताना, मोबाइलवर काहीतरी चिडून टाइप करताना दात आपोआप मिटतात. मनावरचा ताण या दिवसाच्या सवयीशी जास्त जोडलेला दिसतो. जबडा विसाव्यात असतो तेव्हा ओठ मिटलेले आणि दात दोन-चार मिलिमीटर सुटे असतात. ही स्थिती सापडायला सोपी आहे: ‘म’ म्हणा आणि तो लांबवा. ओठ मिटलेत, दात सुटे आहेत. मग जिभेचं टोक ‘न’ म्हणताना टेकतं तिथं ठेवा आणि खांदे खाली सोडा. संगणकाच्या कडेला किंवा स्टीअरिंगवर एक छोटी रंगीत टिकली चिकटवावी. ती दिसली की दात टेकलेत का ते पाहायचं. सुरुवातीला दर वेळी टेकलेलेच सापडतात. निराश व्हायचं कारण नाही, सापडणं हाच व्यायाम आहे.

संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू आणि तंबाखू या तिन्हींचा दात खाण्याशी संबंध दिसलेला आहे. नैराश्य-चिंतेवरच्या काही गोळ्यांमुळेही, उदाहरणार्थ फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, दात खाणं सुरू होऊ शकतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. आपल्याकडच्या दोन सवयी आगीत तेल ओततात. मिश्री लावण्यात घासणही आहे आणि तंबाखूही. सुपारी रोज फोडून चघळणाऱ्यांच्या दाढा तर चाळिशीतच सपाट होतात.

त्यात आंबटाची भर पडते. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं आणि लिंबाचा रस अडीचच्या आसपास असतो. लिंबू सरबत, कोकम सरबत, कोला घोटघोट तासभर पीत बसलं की दात मऊ पडतात, आणि मऊ पडलेला दात रात्री दुप्पट वेगानं नाही तरी नक्कीच जास्त झिजतो. ताक-दही आंबट असूनही त्यातल्या कॅल्शियममुळे दातांना तितकं नडत नाही. आंबट प्यायल्यावर साध्या पाण्याची चूळ भरावी आणि ब्रश निदान अर्ध्या तासानं करावा. पित्त घशाशी येत असेल तर त्याचाही इलाज हवा, कारण ते आम्ल लिंबापेक्षा कडक असतं आणि रात्रीही वर येतं.

जबड्याच्या स्नायूत बोटॉक्सची इंजेक्शनं देण्याची सध्या बरीच जाहिरात दिसते. त्यानं चावा कमजोर होतो, दात खाणं बंद होत नाही, आणि तीन-चार महिन्यांत परिणाम उतरतो. गार्ड लावूनही स्नायू सतत दुखतात अशा मोजक्या रुग्णांसाठी ते ठीक. नुसत्या टवक्यासाठी नाही.

मुलं दात खातात त्याची काळजी सहसा करू नये. ‘जंत झालेत’ म्हणून दर वेळी औषध पाजण्याला आधार नाही, बहुतेक मुलांची ही सवय वयाबरोबर जाते आणि जबडा वाढत असल्यानं त्यांना गार्डही शक्यतो देत नाहीत. मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांचा विचार करावा. मुंबईत नायर आणि शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. तिथं पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात आणि वेळ लागतो, पण घाईगर्दीच्या खासगी दवाखान्यात राहून जाणारा निळा कागद तिथं दोनदा लावून बघतात.

बांधलेल्या कोपऱ्याचा पुन्हा कण उडाला तर तो सगळा काढावा लागत नाही, वरून भर घालता येते. चहानं तो पिवळट पडला तर पॉलिशनं उजळतो. दर सहा महिन्यांनी दाखवायला जाताना गार्ड डबीतून बरोबर न्यावा. त्यावर पडलेले चरे आणि खळगे पाहून डेंटिस्टना जबडा रात्री कोणत्या बाजूला जोर लावतो ते कळतं, आणि खळगा पार होऊन भोक पडलं असेल तर नव्या गार्डचं माप त्याच दिवशी देऊन यावं.